सुरक्षितता शिकवणारे कुठून येतात?

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की सातारा-सांगली भागातल्या शाळांमधून बाहेर पडणारी मुले चारी दिशांना पांगतात. काही महाविद्यालयात जातात, काही आय. टी. आय.मध्ये. बरीचशी मात्र थेट कामाला लागतात. कुणी एम. आय. डी. सी.तल्या फौंड्रीत हेल्पर होतो, कुणी विट्याच्या यंत्रमागावर, कुणी कराडकडच्या गुऱ्हाळावर, कुणी तासगावच्या द्राक्षबागेत औषधफवारणीला जातो. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतली मुले काकाचे बोट धरून सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानात जातात, तीही दूरच्या राज्यात.

कामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला कुणीतरी एक वाक्य सांगतो : "जपून रे." पण कशापासून जपायचे, कसे जपायचे, हे सांगणारा माणूस कोण असतो? तो काय शिकलेला असतो? त्याचा मूळ व्यवसाय कोणता? गणिताच्या शिक्षकाने गणिताची पदवी घेतलेली असते हे आपण गृहीत धरतो. मग 'सुरक्षितता' या विषयाचा शिक्षक कोणत्या विषयातून येतो? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर पुष्कळांचे हात, डोळे आणि प्राण अवलंबून असतात. म्हणून तो आम्ही इथे जरा तपशिलाने पाहणार आहोत.

एक टाकी आणि पाच शिक्षक

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. साखर कारखान्याला जोडून मळीपासून अल्कोहोल तयार करणारी डिस्टिलरी असते. तिथे सांडपाण्याची एक खोल, वरून झाकलेली टाकी आहे. हंगाम संपला आहे. टाकी उपसली आहे, तळाशी फूटभर गाळ उरला आहे, आणि तो काढायला चार कामगार उतरणार आहेत. त्यांना आदल्या दिवशी प्रशिक्षण द्यायचे आहे. कोण देईल?

समजा, अभियंता आला. तो पाहतो पंप, झडपा आणि विजेची जोडणी. आत माणसे असताना कुणी चुकून पंप सुरू केला तर? म्हणून तो सांगेल : स्विच बंद करा, त्याला कुलूप घाला, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात ठेवा, येणारी प्रत्येक नळी तोडून वेगळी करा, ब्लोअर लावा. त्याची शिकवण यंत्राची आणि ऊर्जेची आहे.

रसायनशास्त्रज्ञ आला तर तो टाकीतली हवा पाहील. मळीच्या सांडपाण्यात सल्फेट भरपूर असते. हवेविना वाढणारे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा वायू हवेपेक्षा किंचित जड, म्हणून तळाशी रेंगाळणारा. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणजे उतरण्यापूर्वी हवा तपासून 'ठीक' आली, तरी काम सुरू झाल्यावर ती ठीक राहीलच असे नाही. शेजारच्या किण्वन टाकीत धोका आहे कार्बन डायऑक्साइडचा. एक किलो ग्लुकोज पूर्ण आंबले तर सुमारे २७० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपले विद्यार्थी हे गणित समीकरणावरून स्वतः करू शकतील.

डॉक्टर आला तर तो माणसाचे शरीर पाहील. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो हे आपण शाळेत शिकतो. परंतु दहा लाख भाग हवेत या वायूचे सुमारे १०० भाग झाले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे कामगाराला वाटते. प्रत्यक्षात त्याचे नाक गेलेले असते! ७०० ते १००० भागांपाशी एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगेल. आपल्याला गुदमरल्यासारखे वाटते ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाला तर शरीर तसा इशारा देत नाही. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो ६ टक्क्यांच्या आसपास आला तर मिनिटाच्या आत माणूस कोसळतो, आणि आपल्याला काही होते आहे हे कळण्याआधीच कोसळतो.

चौथा शिक्षक अग्निशमन दलातून किंवा सैन्यातून निवृत्त झालेला. सातारा जिल्ह्यात अशा माणसांची वाण नाही. एका गावाचे नावच मुळी अपशिंगे मिलिटरी आहे. हा माणूस विचारेल : "आतला पडला, तर त्याला वर काढणार कोण आणि कसा?" टाकीतल्या दुर्घटनांची एक भयंकर खूण आहे. पहिला कामगार कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला उडी घेतो, मग तिसरा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेने १९८६ साली काढलेल्या इशारापत्रकात म्हटले होते, की बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. पुढच्या काळातल्या तपासण्यांत हे प्रमाण कमी आढळले, तरी ते मोठेच राहिले. म्हणून हा शिक्षक कमरेला पट्टा, वर तिपाई, हातात दोर आणि बाहेर सतत नजर ठेवणारा एक माणूस यांचा सराव करून घेईल. आणि हवेचा सिलिंडर पाठीला नसताना आत उडी घ्यायची नाही, हे घोकून घेईल.

पाचवा शिक्षक म्हणजे वीस हंगाम हेच काम केलेला जुना कामगार. शिडीची कोणती पायरी सुटली आहे, गाळ कोणत्या कोपऱ्यात जास्त साचतो, मुकादम घाई केव्हा करतो, आणि उन्हात पट्टा काचतो म्हणून पोरे तो केव्हा सोडून ठेवतात, हे त्यालाच ठाऊक. ही माहिती कोणत्याही पदवीच्या पुस्तकात नसते.

आता यातला खरा शिक्षक कोण? पाचही जण. यातला कोणताही एक वगळला तर चौघांच्या जिवाला धोका उरतोच. धोका विषयवार वाटून येत नाही, शिकवणारे मात्र विषयवार तयार झालेले असतात. या विषयाची सारी अडचण इथे आहे.

ही वाट कुणी पाडली?

इतिहासात डोकावले तर हेच दिसते. इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला 'तुझा धंदा कोणता?' हे विचारलेच पाहिजे, असा आग्रह धरला. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्यानंतर जे पहिले चार कारखाना निरीक्षक नेमले गेले, त्यांपैकी लिओनार्ड हॉर्नर हे भूशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत शिसे आणि इतर विषारी धातूंचे धोके कारखान्या-कारखान्यांतून हिंडून शोधणाऱ्या ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर होत्या. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठात अध्यापकपदी नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८८४ साली संघटित करणारे नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत स्टोअरकीपर होते आणि 'दीनबंधू'चे संपादकही. १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या चळवळीमुळे. थकलेल्या माणसाच्या हातून अपघात अधिक होतात, म्हणजे ही सुट्टीदेखील सुरक्षिततेचेच साधन होते.

आपल्या भागात पाहा. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात उभा राहिला. त्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत असत. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवणारे बरेच हात आसपासच्या खेड्यांतले होते. शेतातून आलेल्या माणसाला ओतकामाच्या भट्टीजवळ उभे करायचे तर त्याला आधी शिकवावे लागते. कारखाना आणि शाळा यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे.

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची गोष्ट

शिक्षकाची पार्श्वभूमी कशी आहे यावर त्याची शिकवण कशी बदलते, याचे एक ठळक उदाहरण आहे. हर्बर्ट हाइनरिख हे अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणारे गृहस्थ. त्यांनी १९३१ साली औद्योगिक अपघात टाळण्याविषयी पुस्तक लिहिले. अपघातांची हजारो प्रकरणे तपासून त्यांनी निष्कर्ष काढला, की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के असुरक्षित यंत्र किंवा परिस्थितीमुळे होतात आणि उरलेले २ टक्के अटळ असतात. जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत हे आकडे पुढे कित्येक दशके फळ्यावर लिहिले गेले.

परंतु ही प्रकरणे आली कुठून? विम्याच्या दाव्यांतून आणि कंपन्यांच्या अहवालांतून. ते अहवाल लिहिणारे बहुधा पर्यवेक्षक. 'कामगाराचे लक्ष नव्हते' हे लिहायला सोपे. 'यंत्राला जाळी नव्हती' असे लिहिले तर दोष स्वतःकडे येतो. म्हणूनच नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर कडक टीका केली. माहिती ज्या फायलीतून येते, त्या फायलीचा रंग निष्कर्षाला लागतो.

'लक्ष ठेव' या शिकवणीला किती मर्यादा आहेत हे वर्गात दाखवता येते. एका विद्यार्थ्याने फूटपट्टी उभी धरावी. दुसऱ्याने तिच्या शून्याच्या टोकापाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी साधारण २० सेंटिमीटर खाली येऊन पकडली जाते. मुक्त पतनाच्या सूत्राने हा काळ निघतो ०.२ सेकंद. म्हणजे डोळ्याने पाहून हात हलायला, पूर्ण तयारीत असलेल्या ताज्यातवान्या मुलालादेखील एवढा वेळ लागतो.

आता समजा, गुऱ्हाळातल्या चरकाच्या रुळाचा पृष्ठभाग सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने फिरतो आहे आणि उसाबरोबर बाही अडकली. ०.२ सेकंदात ती ६ सेंटिमीटर आत जाते. रात्रपाळीच्या, बेसावध माणसाला दुप्पट वेळ लागला तर १२ सेंटिमीटर. एवढ्यात बोटे रुळापाशी पोचलेली असतात. म्हणून रुळापुढे जाळी आणि हाताशी थांबवण्याचा खटका हवा. मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते, की १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी वेगळा कायदा करावा लागला. लक्ष ठेवायला शिकवावेच, पण माणूस कधीतरी चुकणार हे धरून यंत्र बनवायला आधी शिकवावे. विम्याची फाईल वाचून आलेला शिक्षक पहिली गोष्ट सांगतो. चरकावर उभा राहून आलेला शिक्षक दुसरी सांगतो.

कायदा कोणाला शिक्षक मानतो?

कारखाने अधिनियम १९४८ सालचा. त्यात १९७६ साली अशी तरतूद आली, की १००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमला पाहिजे. प्रशिक्षण देणे हे या अधिकाऱ्याचे एक प्रमुख काम. महाराष्ट्राने त्यासाठी १९८२ साली नियम केले. अधिकाऱ्याकडून ज्या गोष्टींची अपेक्षा होती त्या लक्षात घेण्याजोग्या आहेत : तांत्रिक शिक्षण, कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून प्रत्यक्ष अनुभव, औद्योगिक सुरक्षिततेची मान्यताप्राप्त पदविका, आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान. ही चौथी अट आम्हाला फार मोलाची वाटते. इंग्रजी सूचनाफलक कितीही चकचकीत असला तरी तो ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने तो नाहीच.

पुढे २०२० साली व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता संमत झाली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुन्या अधिनियमाची जागा तिने घेतली. आता ही मर्यादा ५०० कामगारांवर, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तिथे २५० वर आली आहे.

या अधिकाऱ्यांना घडवणाऱ्या संस्थाही आहेत. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथे अभियंत्यांसाठी औद्योगिक सुरक्षिततेची पदविका आहे आणि डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे एम. बी. बी. एस. झालेल्या डॉक्टरलाही कारखान्यातले आजार वेगळे शिकावे लागतात. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन.

यांखेरीज एक योजना शिक्षकांनी मुद्दाम जाणून घ्यावी. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ सुरू झाले. त्याचे मुख्यालय नागपुरात. मंडळाचे शिक्षणाधिकारी कारखान्यांतून निवडलेल्या कामगारांना शिकवत, आणि ते 'कामगार-शिक्षक' होऊन आपापल्या कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घेत. मंडळाला आता दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव दिले आहे. आपल्या टाकीच्या उदाहरणातल्या पाचव्या माणसाला हातात खडू देण्याचा हा प्रयत्न होता.

जिथे अधिकारी पोचत नाही

आता परत आपल्या मुलांकडे येऊ. यंत्रमागाच्या खोलीत आठ जण असतात. गुऱ्हाळावर दहा-बारा. गलाईच्या दुकानात चार. यांतल्या कुठेही पदविकाधारक सुरक्षा अधिकारी नसतो, कायद्याच्या मर्यादेत ती जागा बसतच नाही. तिथला शिक्षक म्हणजे मिस्त्री, गुळव्या, काका किंवा मामा.

गलाईचेच पाहा. सोन्यातली चांदी वेगळी काढायला नायट्रिक आम्ल वापरतात. चांदी विरघळते, सोने मागे राहते. तीव्र आम्लात १०८ ग्रॅम चांदी विरघळली तर सुमारे २४ लिटर नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा तपकिरी, जळजळीत वासाचा वायू. काकाने पोराला सांगितलेले असते, "धूर आला की तोंड फिरव." हे चांगलेच आहे, पण अपुरे आहे.

इथे रसायनशास्त्र आणि वैद्यक दोन्ही लागतात. अमोनिया पाण्यात अतिशय विद्राव्य. तो डोळ्यांच्या आणि नाकाच्या ओलाव्यात लगेच विरघळतो, भयंकर झोंबतो, आणि माणूस पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात त्या मानाने सावकाश विरघळतो. तो नाकाघशात फारसा न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. त्या वेळी थोडा खोकला येतो आणि थांबतो. मुलगा जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी पहाटे, फुप्फुसांत पाणी साचू लागते आणि धाप लागते. तोपर्यंत दुपारचा धूर कुणाच्या ध्यानातही नसतो, आणि डॉक्टरला तो सांगितला जात नाही. म्हणून रामाझिनींचा प्रश्न आजही जिवंत आहे. धूर छातीत गेला असेल तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात जायचे, आणि 'मी आम्लाच्या धुरात होतो' हे आपण होऊन सांगायचे. एवढे एक वाक्य पोराला माहीत असले तर त्याचा जीव वाचू शकतो.

काकाचे ज्ञान टाकाऊ आहे असे मात्र मुळीच नाही. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा, तो विझला तर उतरायचे नाही, ही रीत आपल्याकडे होती. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्या घरांत होता, त्यांनाही ती ठाऊक असेल. तिच्यामागे पक्के विज्ञान आहे. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, आणि माणूस त्या वेळी अजून शुद्धीवर असतो. म्हणजे कंदील आधी इशारा देतो. पण हायड्रोजन सल्फाइड प्राणघातक प्रमाणात असला तरी कंदील जळत राहू शकतो, आणि सांडपाण्याच्या टाकीत मिथेन असेल तर तोच कंदील स्फोटाची ठिणगी ठरतो. विहिरीला लागू पडणारा धडा टाकीला लागू पडत नाही. ही सीमा दाखवणे हे शिकलेल्या शिक्षकाचे काम. पण त्यासाठी त्याला आधी कंदिलाची रीत माहीत हवी.

वर्गात काय करता येईल?

एका उंच काचेच्या भांड्यात कमी-जास्त उंचीच्या तीन मेणबत्त्या पेटवाव्यात. तळाशी खाण्याचा सोडा पसरून त्यावर कडेने हलकेच व्हिनेगर ओतावे. सर्वांत बुटकी मेणबत्ती आधी विझते, मग मधली, मग उंच. जड वायू तळापासून भरत येतो हे मुलांच्या डोळ्यांना दिसते. मग विचारावे : टाकीच्या तोंडाशी वाकून पाहणाऱ्याला बरे वाटते, मग खाली वाकलेला का पडतो? आणि त्याला उचलायला वाकणारा का पडतो?

दहावीच्या मुलांना आणखी एक काम द्यावे. घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या काम करणाऱ्या माणसाला भेटून तीन प्रश्न विचारायचे : तुमच्या कामात धोका कोणता? तो तुम्हाला कुणी शिकवला? शिकवणारा स्वतः कुठे शिकला होता? उत्तरे फळ्यावर मांडली की यंत्र, वायू, शरीर, सुटका आणि सराव या पाच रकान्यांपैकी कोणते भरले आणि कोणते रिकामे राहिले, ते लगेच दिसेल. रिकाम्या रकान्यासाठी गावातलाच माणूस शोधता येईल : आय. टी. आय.चा निदेशक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, रजेवर आलेला जवान, कारखान्यातला जुना फिटर. त्यांना तासभर शाळेत बोलवावे, आणि शक्यतो दोघांना एकत्र बोलवावे, म्हणजे एकाचे राहिलेले दुसरा सांगेल.

कारखान्यातल्या प्रशिक्षणवर्गाला तज्ज्ञ म्हणून कुणीही येवो, आपल्या विद्यार्थ्याने त्याला हे विचारायची सवय लावून घ्यावी : "साहेब, हे काम तुम्ही स्वतः केले आहे का? जे यंत्र बदलायला हवे, ते तुम्ही मालकाला सांगितले का? आणि मी पडलो, तर मला काढणार कोण?" हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. गणिताच्या तासाला 'सर, ही पायरी कशी आली?' असे विचारायला आपण शिकवतोच. तीच सवय मुलाने कामाच्या पहिल्या दिवशी बरोबर न्यावी. ती लावणारा पहिला शिक्षक शाळेतला असतो, कारण लहान दुकानात जाणाऱ्या मुलाला पुढे दुसरा शिक्षक भेटेलच याची खात्री नाही.